रुपया वधारला, तर कोणाचे भले?

प्रश्न : रुपयाची बातमी आली की आमच्या घरात तट पडतात. थोरला मुलगा अमेरिकेत आहे, तो दर महिन्याला आम्हाला पैसे पाठवतो. डॉलर चढला की त्याला बरे वाटते. धाकटी सून अंधेरीला सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात हिशेब बघते, तिचेही तेच. नातीला मात्र पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जायचे आहे आणि आम्हा दोघांना एकदा जपान बघायचा आहे. आम्हाला डॉलर उतरलेला हवा. रुपया घसरला की टीव्हीवर देशाची नाचक्की झाल्यासारखे बोलतात. मग मजबूत रुपया देशाला चांगलाच असणार ना?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : तुमच्या घरात पडतात तेच तट देशातही पडतात, आणि प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागी खरे आहे. रुपया वधारणे ही देशाला मिळालेली शाबासकी नव्हे आणि घसरणे ही नाचक्की नव्हे. रुपयाचा भाव हलला की देशातल्याच एका गटाच्या पदरातले दुसऱ्या गटाच्या पदरात पडते. कोणाच्या पदरात किती, हे एवढ्यावरच ठरते : तुमची कमाई कोणत्या चलनात आहे आणि खर्च कोणत्या चलनात.

सूनबाईंच्या कारखान्यापासून सुरुवात करू. सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, १९७३ साली सुरू झाले. कांडल्यानंतरचे हे देशातले दुसरे निर्यात क्षेत्र. नावाप्रमाणे ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी होते. दागिन्यांचे कारखाने तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले आणि आज सीप्झ म्हटले की आधी हिऱ्यांचे दागिनेच आठवतात. समजा, तिथला एक कारखाना हजार डॉलरचा हार अमेरिकेला विकतो. त्यातले साडेआठशे डॉलर सोने आणि हिरे यांचे. हा माल मुळात परदेशातूनच येतो आणि त्याचा भाव डॉलरमध्येच ठरतो. कारखान्याच्या हाती खरे उरतात दीडशे डॉलर. डॉलर ९० रुपये असेल तर ते १३,५०० रुपये झाले. कारागिरांची मजुरी, भाडे, वीज, बँकेचे व्याज हा सगळा खर्च मात्र रुपयात, समजा ११,००० रुपये. नफा २,५००.

आता रुपया वधारला आणि डॉलर ९० वरून ८१ वर आला. साडेआठशे डॉलरचा कच्चा माल रुपयात स्वस्त झाला, पण तेवढ्याच डॉलरची विक्रीही रुपयात घटली; तिथे नफाही नाही, तोटाही नाही. उरलेल्या दीडशे डॉलरचे आता १२,१५० रुपये होतात. मजुरी तीच, भाडे तेच. नफा उरला १,१५०. डॉलर दहा टक्के उतरला आणि नफा निम्म्याहून जास्त गेला. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच. सूनबाई ती माझ्याहून चांगली सांगतील.

म्हणूनच निर्यातीचा एकूण आकडा पाहून काही कळत नाही. दागिन्यांच्या धंद्याला आयात मालाचा आधार आहे, म्हणून हजार डॉलरच्या विक्रीमागे कारखान्याचे १,३५० रुपयेच गेले. पवई किंवा मालाडच्या सॉफ्टवेअर कंपनीचा जवळजवळ सगळा खर्च म्हणजे इथले पगार. तिला हजार डॉलरमागे पुरते नऊ हजार कमी मिळतील. नाशिक-सांगलीहून युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या बागायतदाराचीही तीच गत, आणि त्याच्याकडे तर माल थांबवून ठेवायचीही सोय नसते.

असे खरोखर घडले ते २००७ साली. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता. परदेशी भांडवलाचा लोंढा आला आणि वर्ष संपता संपता डॉलर चाळीसच्या खाली गेला. वर्तमानपत्रांत तेव्हा रुपयाचे कौतुक चालले होते आणि त्याच वेळी कापड, चामडे, हस्तकला, मासळी यांचे निर्यातदार दिल्लीला गाऱ्हाणी घेऊन जात होते. जुलै २००७मध्ये केंद्र सरकारला त्यांच्यासाठी सवलती जाहीर कराव्या लागल्या. रिझर्व्ह बँक बाजारातून डॉलर विकत घेऊन रुपयाची चढण धीमी करत होती. आपले चलन फार मजबूत होऊ नये म्हणून देशाची मध्यवर्ती बँक झटते, ही गोष्ट अनेकांना तेव्हा प्रथमच कळली.

त्या वर्षाचा दुसरा अध्याय फारसा सांगितला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. रुपया वधारतच राहणार या भीतीपोटी अनेक छोट्या-मध्यम निर्यातदारांनी बँकांकडून परकीय चलनाचे गुंतागुंतीचे करार घेतले. काही तर येन आणि स्विस फ्रँकच्या चढ-उतारावर बेतलेले होते, ज्यांचा त्यांच्या धंद्याशी काही संबंध नव्हता. २००८मध्ये जगभर मंदी आली, वारे फिरले आणि वर्ष संपण्यापूर्वी डॉलरने पन्नाशी गाठली. करार अंगावर आले, प्रकरणे कोर्टात गेली. साधे फॉरवर्ड कव्हर, म्हणजे तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा भाव आजच पक्का करणे, हे निर्यातदाराचे संरक्षण आहे. त्यापलीकडे जाऊन चलनावर पैज लावणे हा दागिने घडवणाऱ्याचा धंदा नव्हे.

या साऱ्या वादाचे मूळ आपल्याच शहरात आहे, आणि ते शंभर वर्षे जुने आहे. १९२५-२६ साली हिल्टन यंग आयोग हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करत होता. रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग चार पेन्स ठेवायची की एक शिलिंग सहा पेन्स, यावर मुंबईत रान पेटले होते. दोन पेन्सांसाठी एवढे काय? हिशेब करून पाहा. चार पेन्सांच्या दराने एक पौंड म्हणजे १५ रुपये. सहा पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. मँचेस्टरहून येणारे पौंडाचे कापड मुंबईत पावणेदोन रुपयांच्या आसपास स्वस्त झाले, म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या मुळावर आले. खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने पौंडाचा कापूस विकला तर त्याच्या हाती तेवढेच कमी आले. शेतसारा मात्र रुपयात होता, तो एका पैने कमी झाला नाही. सावकाराचे कर्जही रुपयातच.

आयोगाचे एक सदस्य, मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली आणि चार पेन्सांचा आग्रह धरला. सरकारने ऐकले नाही, १९२७च्या कायद्याने सहा पेन्सांचा दर कायम झाला. पुढे जानेवारी १९३०मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मिठाचा कर रद्द करण्याची मागणी होती, ती सर्वांना ठाऊक आहे. हुंडणावळ एक शिलिंग चार पेन्स करा, ही मागणीही त्याच यादीत होती. मजबूत रुपयाविरुद्धचा लढा हा स्वातंत्र्यलढ्याचा एक भाग होता, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवे.

पण त्याच काळात मुंबईतच एका विद्वानाने दुसरी बाजू मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९२५मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. प्रबंधात त्यांनी एकोणिसाव्या शतकातला अनुभव तपासला आहे. चांदीचा भाव पडत गेला तसा चांदीचा रुपयाही १८७०च्या दशकातल्या दोन शिलिंगांच्या जवळपासून १८९३पर्यंत सव्वा शिलिंगावर उतरला. निर्यात वाढली, गिरण्या भरभराटीला आल्या, आणि स्वस्त रुपया म्हणजे देशाचा फायदा असे लोक म्हणू लागले. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा आला कुठून? त्यांचे उत्तर असे की वस्तूंचे भाव चढले, मजुरी त्या गतीने चढली नाही. फायदा परदेशातून देशाकडे आलेला नव्हता; देशातल्या एका वर्गाचा लाभ दुसऱ्या वर्गाच्या, म्हणजे मजुरांच्या, खिशातून आला होता.

ठाकुरदासांना गिरणी आणि शेतकरी दिसत होता, बाबासाहेबांना रोजंदारीवर जगणारा माणूस. दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण रुपयाविषयी कोणता प्रश्न आधी विचारावा असे मला कोणी विचारले, तर मी बाबासाहेबांचा प्रश्न सांगेन : फायदा झाला म्हणता, तो कोणाच्या खिशातून आला?

आता तुमच्या घराकडे येऊ. मुलगा हजार डॉलर पाठवत असेल तर ९०च्या भावाने ९०,००० रुपये येतात, ८१च्या भावाने ८१,०००. तुम्ही एकटे नाही. परदेशी असलेल्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे, रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत तो केरळपेक्षाही थोडा जास्त निघाला. दुबईत असलेल्यांनाही हेच लागू, कारण तिथला दिरहम १९९७पासून डॉलरला ठरावीक दराने बांधलेला आहे. नातीचा हिशेब उलट. तिची वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च मिळून ४०,००० डॉलर धरला, तर ९०ला ३६ लाख रुपये लागतील, ८१ला ३२ लाख ४० हजार. कर्ज रुपयात काढायचे आणि खर्च डॉलरमध्ये करायचा, ही जोखीम तिच्या घरची सर्वांत मोठी जोखीम आहे. मुलाकडून येणारे डॉलर रुपयात न बदलता थेट तिच्या फीकडे वळवता आले, तर तेवढ्या रकमेपुरती घराला चलनाची चिंताच उरत नाही. चढो वा उतरो. या मार्गाचा विचार करा, कराच्या सल्लागाराला विचारून करा.

आणि जपान. इथे तुम्हाला आनंदाची बातमी आहे. रुपया म्हटला की आपण फक्त डॉलरकडे बघतो. २०१२ साली डॉलरला सुमारे ८० येन आणि ५३-५४ रुपये पडत. म्हणजे शंभर येनला ६७ रुपयांच्या आसपास. जुलै २०२४मध्ये डॉलरला १६० येन आणि साडेत्र्याऐंशी रुपये झाले. शंभर येन ५२ रुपयांत आले. या बारा वर्षांत आपला रुपया घसरला घसरला म्हणून आपण हळहळत होतो, आणि येनच्या तुलनेत तो चांगला वीस टक्क्यांहून जास्त वधारला होता. विमानाचे तिकीट सोडले तर तिथल्या हॉटेल, रेल्वे, जेवणाचे तेवढेच येन तुम्हाला २०१२च्या प्रवाशांपेक्षा कमी रुपयांत पडतील.

स्वित्झर्लंडची गोष्ट याच्या अगदी उलटी. १५ जानेवारी २०१५ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने युरोशी बांधलेली मर्यादा अचानक सोडली आणि फ्रँक एका सकाळीत उसळला. त्याआधी फ्रँक ६०-६२ रुपयांना मिळत असे. आता तो शंभरी कधीच ओलांडून गेला आहे.  तिथल्या लोकांनाही मजबूत चलन सुखाने खाता आले नाही. सीमेजवळचे स्विस लोक शेजारच्या जर्मनीत, कोन्स्टान्झच्या दुकानांत, किराणा भरायला जाऊ लागले आणि स्विस दुकानदार, हॉटेलवाले, घड्याळवाले हवालदिल झाले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. रुपया किती, याला फारसे महत्त्व नाही. तो किती वेगाने हलतो याला आहे. झपाट्याने वधारला तर सीप्झमधल्या कारागिराचे काम जाते. झपाट्याने घसरला तर त्याच्याच घरच्या तेलाचा डबा महागतो. सावकाश हलला तर दोघेही सावरून घेतात. आणखी एक बारकावा. आपल्याकडे महागाईचे उद्दिष्ट चार टक्के आहे, अमेरिकेचे दोन. आमचे भाव दरवर्षी त्यांच्यापेक्षा दोन टक्के जास्त चढत असतील आणि डॉलर पाच वर्षे ९०वरच थांबला, तर आकडा जागचा न हलताही आमचा माल त्यांच्यासाठी दहा टक्के महाग होतो. टीव्हीच्या पट्टीवर स्थिर दिसणारा रुपया आतून वधारलेला असतो. म्हणून रिझर्व्ह बँक चाळीस देशांच्या चलनांची आणि महागाईची सांगड घालून रुपयाचा निर्देशांक काढते. डॉलरच्या भावापेक्षा तो जास्त खरे सांगतो.

प्रश्न : रुपया दोन-तीन रुपयांनी वधारला तरी आमच्या किराणा दुकानात तेल आणि डाळ स्वस्त होत नाही. घसरला की मात्र लगेच महाग. असे का?
– एक दुकानदार, घाटकोपर (पश्चिम)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, पण दोष एकट्या घाऊक व्यापाऱ्याचा नाही. आपण खातो त्यातले निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते : पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. तूर म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून. हा बहुतेक माल डॉलरमध्ये खरेदी होतो, त्यामुळे रुपयाचा परिणाम होतो हे नक्की. पण मधे सरकारचे आयात शुल्क असते. सप्टेंबर २०२४मध्ये खाद्यतेलावरचे शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले, सोयाबीन उत्पादकांना भाव मिळावा म्हणून. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. रुपया दोन टक्के वधारून जेवढा दिलासा मिळेल, त्याच्या कितीतरी पट या एका अधिसूचनेने इकडेतिकडे होते. पेट्रोलचेही तसेच. चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणारे कच्चे तेल डॉलरचे, पण पंपावरच्या दरात करांचा वाटा मोठा, आणि कर रुपयाकडे पाहून हलत नाहीत.

भाव चढताना लवकर आणि उतरताना सावकाश, हे जगभरच्या बाजारांत दिसते. आयातदाराचा जुना महाग माल संपेपर्यंत भाव खाली येत नाही, आणि रुपया पुन्हा घसरेल या धास्तीने तो थोडी गाठ बांधून ठेवतो. रुपया महिनोन्‌महिने टिकून राहिला तरच गिऱ्हाइकापर्यंत काही पोचते.

प्रश्न : १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, असा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरा ऑगस्टला येतो. खरे आहे का?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : नाही. वर सांगितलेला सहा पेन्सांचा दर तेव्हाही चालू होता. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाला तेव्हा सुमारे चार डॉलर पडत. भागाकार केला की डॉलरला ३ रुपये ३० पैशांच्या जवळपास उत्तर येते. सप्टेंबर १९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, आपलेही झाले, आणि डॉलर ४.७६ रुपयांवर गेला. ६ जून १९६६ रोजी तो एका दिवसात ७.५० झाला.

त्या १९६६चा एक परिणाम आपल्याकडे विसरला गेला आहे. तोवर आखातातल्या अनेक राज्यांत भारतीय रुपयाच चालत असे. तिथून रुपये देऊन सोने मुंबईच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने येई, म्हणून १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेत आणि बहारीनने आधीच स्वतःचे चलन आणले होते. अवमूल्यन झाले तसे कतार, दुबई वगैरे राज्यांनीही रुपया सोडला. ज्या प्रदेशात आपली नोट चालत होती, तिथून आज आपली मुले दिरहम पाठवतात.

प्रश्न : मग सरकारने ठरवून डॉलर चाळीस रुपयांवर का आणू नये?
– एक विद्यार्थी, मुलुंड (पश्चिम)

उत्तर : आदेश काढता येतो, पण चाळीसच्या भावाने डॉलर मागणाऱ्या प्रत्येकाला ते द्यावे लागतील. एवढ्या स्वस्तात सगळेच मागतील आणि आणून देणारा कोणी राहणार नाही. गंगाजळी आटली की काय होते, ते १९९१ने दाखवले. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने इंग्लंडला गेले. ते तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. २१ रुपयांचा डॉलर २६च्या जवळ गेला. रुपया वर्षानुवर्षे कृत्रिमरीत्या महाग ठेवल्याची ती किंमत होती. सामान्य माणसाने ती आधीपासूनच मोजली होती : साठच्या दशकात शिकायला निघालेला विद्यार्थी खिशात आठ डॉलर घेऊन परदेशी उतरत असे. कागदावर रुपया मजबूत, पण रुपये देऊन डॉलर मिळतच नाहीत, अशी ती मजबुती.

प्रश्न : उन्हाळ्यात परदेशी सहल ठरली आहे. डिसेंबर २०२५मध्ये डॉलर प्रथमच नव्वदीपार गेल्यापासून धाकधूक आहे. पैसे आता बदलून ठेवू की रुपया वधारायची वाट बघू?
– एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : रुपया उद्या कुठे असेल ते अंधेरीच्या मनी चेंजरला माहीत नाही आणि मोठ्या बँकेच्या अर्थतज्ज्ञालाही नाही. सगळे एकदम बदलू नका. एक तृतीयांश आता, एक तृतीयांश मधे, उरलेले निघण्यापूर्वी. सरासरी भाव मिळतो आणि झोप लागते.

खरा पैसा भावाच्या अंदाजात वाचत नाही, बदलताना वाचतो. बातम्यांत दिसणारा भाव बँकांच्या आपसांतल्या व्यवहाराचा असतो. तुम्हाला नोटांचा विक्रीचा भाव लागतो आणि तो चढाच असतो. विमानतळाच्या आतल्या खिडकीवर तो सहसा आणखी चढा असतो. आधी दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि दलाली नाही या पाटीवर जाऊ नका. हातात शेवटी किती पडतात तेवढेच विचारा. नोटांच्या रूपात एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे कार्डावर घ्यावे लागते. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत द्याव्यात. आपले रुपये नेण्याची मर्यादा २५,०००. नेपाळ-भूतानला नियम वेगळे आहेत. अनेक क्रेडिट कार्डे परदेशी खर्चावर साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात. रुपया तीन टक्के वधारायची वाट महिनाभर बघणारा माणूस तेवढेच पैसे कार्डाच्या अधिभारात घालवतो, तेव्हा ते कार्ड घरी ठेवा किंवा अधिभार नसलेले शोधा.

दुकानात किंवा एटीएमवर मशीन विचारेल, बिल रुपयात हवे की तिथल्या चलनात. रुपयाचा आकडा ओळखीचा म्हणून लोक तो निवडतात, आणि त्या दुकानदाराच्या बँकेने लावलेल्या चढ्या भावाने पैसे मोजतात. दर वेळी तिथलेच चलन निवडा.